माहेरची एकगठ्ठा मतं

मी आमदारकीला उभी राहिले ती लोकसेवेचा उमाळा येऊन नाही, चिडून राहिले. आधीच सांगते, नाहीतर लोक उगाच डोळे ओले करतात. मतदारसंघाचं नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की माणूस ओळखू येतो, आणि त्या माणसाचं नाव घेऊन घेऊन माझी जीभ कडू झाली आहे. त्याला मी साहेब म्हणेन. सगळेच म्हणतात.

मी सरकारी बसमध्ये कंडक्टर होते. ब्रह्मपुरी, आरमोरी, सावली, वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे, जिथे रस्ता तिथे मी. पण माझी खरी गाडी म्हणजे माझ्या माहेरची मुक्कामी. माझं माहेर रस्ता संपतो तिथलं गाव. संध्याकाळी गाडी तिथे जायची, रात्री तिथेच थांबायची आणि सकाळी गावच्या पोरींना घेऊन तालुक्याला यायची. शाळेच्या, कॉलेजच्या, नर्सिंगच्या. नुसता कलकलाट. मी ओरडायचे, "पुढं सरका वो, घरून जेवून नाई आल्या का?" तर त्या आणखीच हसायच्या.

मी रिटायर झाले आणि पुढच्याच पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, म्हणजे तो ठेंगणा पूल, वाहून गेला. गाडी बंद झाली. रपटा दुरुस्त झाला, गाडी काही आली नाही. डेपोत विचारलं तर म्हणे भारमान नाही, म्हणजे गाडी भरत नाही. आता गाडीच नाही तर भरेल काय, डोंबल? गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता सगळा सागाच्या जंगलातून. पोरी घोळक्यानं चालत जायला लागल्या. मग त्याच रस्त्यावर शेळ्या चारणाऱ्या एका बाईला वाघानं नेलं. वाघाला मी शिव्या देत नाही. तो कधी मतं मागायला आला नव्हता. पण त्या दिवसापासून आईबापांनी पोरी घरी बसवल्या.

त्यात माझी भाची होती, धाकट्या भावाची मुलगी. सायन्स घेऊन बारावी अशी पास झाली की तिचे मास्तर पेढे घेऊन घरी आले. कॉलेजात नाव घातलं आणि पोरगी चुलीपुढे बसली. मी भावाला म्हटलं, माझ्याजवळ तालुक्याला ठेव. तो म्हणाला, "बाई, एकीले ठेवशील. बाकीच्या पोट्ट्याइनं काय करावं? लोक म्हनतील, आपलीच तेवढी सरकवली." भाऊ माझा असाच, लोक काय म्हणतील यावरच जगतो. पण बोलला ते खोटं नव्हतं. आणायची तर गाडीच आणायला हवी होती.

म्हणून साहेबांकडे गेले. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "होऊन जाईल ताई." दुसऱ्यांदा चहा नव्हता, नुसतं "होऊन जाईल ताई" होतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा बैठक माणसांनी भरली होती. मला कोणी बस म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच बोलले, "साहेब, पोरीइचं वर्ष वाया जाऊन राह्यलं." साहेबांनी मोबाईलवरून नजरही उचलली नाही. म्हणाले, "ताई, एवढीच कळकळ आहे तर तुम्हीच उभं राहून टाका ना आमदारकीला." बैठक खदाखदा हसली. कोपऱ्यातला एकजण म्हणाला, "तिकीट वाटायचं तर ताईले येतेच!" पुन्हा हशा. मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "राहतो न मंग."

आणि राहिले. चिन्ह मागितलं शिट्टी, मिळाली किटली. एक भाड्याचा टेम्पो, त्यावर भोंगा, आणि माझ्यासोबत नोकरी केलेले दोन म्हातारे ड्रायव्हर, जे प्रचारापेक्षा टेम्पोवाल्याच्या ड्रायव्हिंगवर जास्त बोलायचे. दिवस धान कापणीचे. गावात शिरावं तर घरांना कड्या, माणसं सगळी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत. मग मीही चिखलातून शेतात. बाया कंबर सरळ करून बघायच्या आणि ओरडायच्या, "अवो माय, आपली कंडक्टरीन बाई!" माझ्या हातात विळा द्यायच्या, मी दोन पेंढ्या कापायचे, हसणं-खिदळणं, डब्यातली भाजी-भाकर. "तुमालेच देतो जी, दुसरं कोन आहे आमाले?" प्रत्येक बांधीत हेच. सावलीकडच्या एका गावी एका बाईनं तर आपली शाळकरी मुलगी ओढत आणून माझ्यापुढे उभी केली. तिचा जन्म माझ्याच गाडीत झालेला, मी माझ्या लुगड्याचा आडोसा धरला होता. "पाया पड बाईच्या," आई तिला म्हणाली, आणि मला म्हणाली, "आमच्या टोलीतलं, साऱ्या वस्तीतलं एकबी मत बाहेर नाई जात, तुमी घरी जाऊन झोपा."

आमच्या झाडीपट्टीत तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. दारी आलेल्याला पाणी द्यायचं, खाट टाकायची आणि हो म्हणायचं. मी त्याच मातीतली. सगळी नोकरी लोकांची तोंडं बघत काढली, आणि तरीही मला तो होकार खरा वाटला. संध्याकाळी पाय शेकत बसले की मी मनातल्या मनात विधानसभेत भाषण करायचे. बह्याड बाई, खुळी.

माहेरी सर्वांत शेवटी गेले. तिथे काय प्रचार करायचा? पण गावानं बैठक बोलावली होती, देवळापुढच्या पारावर. बौद्ध वस्तीतली माणसंही आली होती. एरवी देवळापुढे ती बसत नाहीत, पण गाडीचा विषय होता आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरी त्यांच्याच घरच्या जास्त. जुना पोलीस पाटील उभा राहिला. डोळ्यांनी अधू, आवाज मात्र खणखणीत. म्हणाला, "लेक माहेरी आली तं रिकाम्या हातानं जात नाई. गावानं लेकीची ओटी भरावी. गावचं एक-एक मत तिचं." कोणी टाळी वाजवली नाही. नुसत्या माना हलल्या, आणि आमच्याकडे माना हलल्या की ठरलं.

मला पाटावर बसवून बायांनी ओटी भरली. त्याच हंगामाचा तांदूळ, नारळ, हळदकुंकू. बौद्ध वस्तीतली एक नर्सबाई पुढे येऊन म्हणाली, "आमच्यात ओटी नाई जी, पन आमची मतं मोजून घ्या." मी रडायला लागले.

तेवढ्यात माझी भावजय बोलली. ती कधी बोलत नाही. पदर दातात धरून म्हणाली, "पन मी काय म्हनतो, थोडी मतं साहेबाइले बी जाऊ द्या. गावची मशीन अलग मोजते. कोनं कोनाले देल्लं ते दिसते सगळं." मग पोलीस पाटील म्हणाला, "लेकीची ओटी कोनी हात आखडून भरते का वो?" बाया खो-खो हसल्या. माझा भाऊ बायकोवर डाफरला, "तुले कोनं विचारलं?" मीही हसले. त्या बैठकीत डोकं जाग्यावर असलेलं माणूस ते एकच होतं.

मतमोजणीला मी नवीन लुगडं नेसून गेले. जाळीच्या अलीकडे आम्ही उमेदवार आणि आमची माणसं, पलीकडे टेबलं. एकेक गावाचं मशीन उघडायचं, आकडा वाचायचा. पहिल्या फेरीत किटली, दुसऱ्या फेरीत किटली. कुठे एक, कुठे दोन, कुठे भोपळा. जिथे मी धान कापलं तिथे भोपळा. जिथे त्यांच्या डब्यातलं खाल्लं तिथे भोपळा. ती गाडीत जन्मलेली पोरगी, तिच्या गावाचं मशीन आलं. मी जाळीला नाक लावून उभी. भोपळा! अगं भवाने, तिची आई ना तू, तू स्वतःसुद्धा नाही दिलंस? निदान पोरीला पाया तरी पडायला लावायचं नव्हतं. माझ्यासोबतचा म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, चाला, चहा घेऊ." मी त्याच्यावर खेकसले.

मग माझ्या माहेरचं मशीन उघडलं. वाचणाऱ्यानं आकडा वाचला, थांबला, चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचला. सगळीच्या सगळी किटलीला. साहेबांना त्या गावात एकही नाही. त्यांच्या स्वतःच्या कार्यकर्त्याचं घर होतं तिथे, त्याचंही नाही. मला इतका आनंद झाला की मी हरत होते हे विसरून गेले. शेजारी साहेबांचा माणूस बसला होता, तो दर गावाचा आकडा कागदावर टिपत होता. त्यानं टिपलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. छान, मनापासून हसला. म्हणाला, "ताई, गावाचं भारी प्रेम आहे तुमच्यावर."

साहेब दणकून निवडून आले. माझं डिपॉझिट गेलं. गुलालाची मिरवणूक माझ्या घरावरून नेली आणि दारात थांबून मुद्दाम किटल्या वाजवल्या. मी खिडकी लावून घेतली नाही. बघत बसले. शरम त्यांना वाटायला हवी होती.

गाडी तर आली नाहीच. डांबराचा रस्ता शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत आला आणि करवतीनं कापावा तसा थांबला. यंत्रं परत गेली. धान विकायचं सरकारी केंद्र गावाजवळ होतं, ते लांब हललं. गावातलं कोणी काही काम घेऊन गेलं की साहेब आस्थेनं विचारायचे, "कोणतं गाव?" गावाचं नाव ऐकलं की म्हणायचे, "मग ताईंना सांगा ना. तुमच्या आमदार त्या." ओरडणं नाही, धमकी नाही. चहासुद्धा द्यायचे म्हणे.

पहिले काही महिने गाव ताठ होतं. नंतर मी गेले की पाण्याचा तांब्या उशिरा यायला लागला. मग कोणी म्हणायला लागलं, "बाईच्या हौसेपायी झालं." माझी हौस! पारावर मला पाटावर कोणी बसवलं होतं? पुढच्या दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. मंडईत दिवसा दंडार असते. गावचेच गडी लुगडी नेसून नाचतात, मध्ये एक सोंगाड्या येतो आणि ज्याच्या त्याच्या नकला करतो. मी माहेरवाशीण म्हणून पुढच्या सतरंजीवर बसले होते. सोंगाड्या आला तो खाकी शर्ट, कमरेला पिशवी, गळ्यात किटली. "पुढं सरका, पुढं सरका! मी तुमाले मुंबईले नेतो! एक नाई तं दोन मतं द्या, सुटे नाई माह्याजवळ!" माणसं लोळायला लागली. मी मागे वळून पाहिलं. पोलीस पाटील बोळकं उघडून हसत होता. माझा भाऊ हसत होता. माझ्याशी नजर भिडली तरी त्याला हसू आवरेना.

भाची हसत नव्हती. ती मांडीवरच्या ओढणीचा पीळ घालत खाली बघत होती.

तुळशीचं लग्न झालं आणि पोलीस पाटील, माझा भाऊ आणि आणखी तिघे माझ्या खोलीवर आले. चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या तेव्हाच मला कळलं की काहीतरी मागायला आलेत. ते साहेबांकडे जाऊन आले होते. साहेब म्हणाले, माझ्या मनात काही नाही. पण बाहेर पडताना मतमोजणीला आकडे टिपणाऱ्या त्या कागदवाल्या माणसानं बाजूला घेऊन सांगितलं, गावानं साहेबांचा सत्कार ठेवावा आणि हार ताईंनी घालावा. गाडी त्याच दिवशी.

मी किती बोलले त्याला गणती नाही. म्हटलं, अरे माणसं आहात का कोण आहात? ओटी भरली तेव्हा तुमच्यातला एकजण तरी म्हणाला का, की हिशेब होईल? म्हणाली ती एक बाई, तिला तुम्ही गप्प केलंत. माझा हार करून त्याच्या गळ्यात घालता काय? पोलीस पाटील खाली मान घालून ऐकत होता. माझा भाऊ म्हणाला, "बाई, चूक झाली म्हनून टाक. तोंडानंच म्हनाचं आहे." मी त्यांना हाकलून दिलं.

दोन दिवसांनी भावजय एकटी आली. फाट्यापर्यंत त्या रस्त्यानं चालत आली होती. बसली नाही. म्हणाली, "बाई, पोरीले पाहुने पाहून गेले. पोरगा ट्रॅक्टर चालवते. हे हो म्हनून राह्यले. गाडी येते म्हनसान तं थांबतील, नाई तं याच उन्हाळ्यात उजवतील." मी विचारलं, पोरगी काय म्हणते? "काई नाई म्हनत. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली तिनं."

मी हो म्हटलं. त्या एका पोरीसाठी, बाकी गाव गेलं चुलीत.

साहेबांची तारीख मिळायलाच उन्हाळा उजाडला. तोवर भावानं पाहुण्यांना थोपवून धरलं. गावात मंडप, खुर्च्या, आणि मंडपाशेजारी फुलांनी मढवलेली लाल गाडी. माझ्याच ओळखीची बनावट, तीच पत्र्याची खडखड. साहेब उशिरा आले. मी हार घातला. त्यांची मान जाड, हार अडकला, तर त्यांनीच वाकून हसत घालून घेतला. माईक माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "माझी चूक झाली. साहेबांनी मोठ्या मनानं गावाला माफ करावं." दोनच वाक्यं. घरी पाठ केली होती.

टाळ्या काय पडल्या! मला मतं द्यायचं ठरवताना ज्या गावानं टाळी वाजवली नव्हती, ते गाव हात लाल होईस्तोवर वाजवत होतं.

पण साहेबांचं मन भरलं नव्हतं. माईक घेऊन म्हणाले, "ताई आमच्या थोरल्या बहीण. राग काय, बहिणीचा असतोच. आता गाडी सुटायची तर घंटी ताईंनीच द्यावी. की विसरल्या?" लोक हसले. मला गाडीत चढवलं. मी दोरी ओढली, दोनदा, जशी ओढतात तशी. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "ऐकू नाई आलं." साहेबांनी हातानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा ओढली. मोबाईल वर धरून पोरं शूटिंग करत होती. पुन्हा. त्या मंडपासमोर तीन वेळा मला घंटी द्यायला लावली आणि मग गाडी हलली. संध्याकाळपर्यंत ते चित्र तालुकाभर फिरलं.

त्या दिवसापासून मी माहेरी गेले नाही. भावानं फोनवर सांगितलं, "बाई, थोडे दिवस येऊ नको. त्याइची मानसं पाहत राहतात, कोन तुह्याशी बोलते ते. अजून गाडी नवीन आहे." मी विचारलं, पोरगी? "जाते न. कॉलेज उघडलं का जाईल."

कॉलेज उघडलं त्या सकाळी मी स्टँडवर गेले. का जाऊ नये? माझी गाडी होती ती. लांबूनच आवाज ओळखला. गाडी खचाखच भरून आली, दारात पोरी लोंबत होत्या, कोण म्हणतो भारमान नाही? मी खांबाला धरून उभी राहिले. एकेक पोरगी उतरली. पुढच्या सीटवरून तो कागदवाला माणूस उतरला, त्याला बहुतेक तालुक्यात काम असावं. त्याच्यामागून भाची उतरली. नवा ड्रेस, पाठीवर सॅक, वेणी घट्ट. किती गोड दिसत होती.

मी दोन पावलं पुढे झाले. तिनं मला पाहिलं. नक्की पाहिलं, तिचे डोळे थांबले. मग तिनं त्या माणसाकडे पाहिलं, तो रस्त्याच्या कडेला तंबाखू मळत उभा होता. तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि मैत्रिणीचा हात धरून माझ्या इतक्या जवळून गेली की ओढणीचं टोक माझ्या हाताला लागलं.

मैत्रीण दुसऱ्या गावची असावी. तिनं विचारलं, "कोन होय वो ते बाई? तुह्याकडं पाहून राह्यली."

"मालूम नाई," भाची म्हणाली.

मी हाक मारली नाही. तिला रोज त्याच गाडीनं यायचं होतं.